डरहमला गाडीने जाताय? मग टेकडीचा रस्ता आधी समजून घ्या

गाडी घेऊन लंडनच्या मध्यभागी शिरलं की पैसे पडतात, हे आता आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण इंग्लंडात हा पायंडा पाडला तो डरहम या उत्तरेकडच्या चिमुकल्या गावाने, ऑक्टोबर २००२ मध्ये. लंडनच्या चार-साडेचार महिने आधी. लंडनचे ५ पौंडांचे वाढत वाढत १८ झाले, डरहमवाले मात्र २ पौंडांवरच अडून बसलेत.

आईला डरहमचं कॅथेड्रल दाखवायचं होतं आणि तिच्या गुडघ्यांमुळे गाडी घ्यावीच लागणार होती, म्हणून या भानगडीत मी जरा खोलात शिरलो.

वेअर नदी गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. मधल्या उंच सुळक्यावर कॅथेड्रल आणि किल्ला. वर गाडी न्यायची तर मार्केट प्लेसच्या चौकातून सॅडलर स्ट्रीटने चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. दुसरा रस्ता नाही. गल्ली अरुंद, दगडी फरसबंदीची, दोन्ही बाजूंना दुकानं. शुल्क नव्हतं तेव्हा पर्यटकांच्या झुंडी आणि गाड्यांची रांग याच गल्लीत एकमेकांना खेटून चालायच्या. २ पौंड लावले आणि वाहतूक सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. रक्कम किरकोळ, पण वर काम नसताना उगाच चक्कर मारणारे तेवढ्यानेही गळाले. एकच तोंड असलेल्या जागी हे जमतं. पुण्याच्या पेठांना चहूबाजूंनी फाटे, तिथे असा एक नाका कुठे बसवणार?

सुरुवातीला चौकात जमिनीतून वर येणारा खांब होता. उतरताना मशीनमध्ये पैसे टाकले की तो खाली जायचा. आता खांब गेला, कॅमेरा आला. तो नंबरप्लेट टिपतो, अडवत कोणी नाही, आणि नवख्या माणसाची गोची इथेच होते. पावती फाडणारा कोणी समोर नसल्यामुळे पैसे द्यायचेत हेच लक्षात येत नाही. काउंटी कौन्सिलच्या वेबसाइटवर किंवा फोनवर आपणहून भरायचे. त्याच दिवशी भरून मोकळे व्हा. गाडी भाड्याची असेल तर दंडाचा कागद आधी भाडेकंपनीकडे जातो आणि ती वर आपला हात धुऊन घेते.

वेळ मात्र नीट लक्षात ठेवा: सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते दुपारी ४. एरवी फुकट. आम्ही याचाच फायदा घेतला. चार वाजून गेल्यावर आईला पॅलेस ग्रीनपाशी, म्हणजे कॅथेड्रलच्या थेट दारात उतरवलं आणि गाडी खाली आणून लावली. वर तुमच्या-आमच्यासाठी पार्किंग जवळजवळ नाहीच, तेव्हा २ पौंड भरले म्हणजे जागाही मिळाली असं समजू नका. मार्केट प्लेसला लागूनच प्रिन्स बिशप्सचं बहुमजली पार्किंग आहे, त्यासाठी सॅडलर स्ट्रीट चढावी लागत नाही.

उशिरा गेल्याचा आणखी एक लाभ म्हणजे संध्याकाळची गायन-प्रार्थना. बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास असते, तिकीट नाही, धर्म कोणी विचारत नाही. १०९३ साली पाया घातलेल्या त्या दगडी कमानींखाली कॉयरचे सूर घुमतात तेव्हा आईने हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. जुना इतिहासकार भिक्षू बीड (Bede) याचं थडगं, सेंट कथबर्ट या संताची समाधी सगळे पाहतातच. तुम्ही पूर्वेकडच्या टोकाचे काळसर खांब जवळ जाऊन बघा. फ्रॉस्टर्ली गावच्या त्या दगडात पांढऱ्या चकत्यांसारखे प्रवाळांचे जीवाश्म भरलेत, बोट फिरवलं तर कडा लागतात. मागच्या बाजूला जमिनीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे. एके काळी बायकांना तिच्या पुढे जायची बंदी होती. आईने ती पट्टी मुद्दाम दोनदा ओलांडली.

गुडघे शाबूत असतील तर गाडीचा विचारच करू नका. न्यूकॅसलहून ट्रेनने पाव तासाच्या आत डरहम येतं, आणि ट्रेन पुलावरून जाताना कॅथेड्रलचं जे दर्शन घडतं ते कुठल्याच रस्त्यावरून नाही. स्टेशनवरून उतरून फ्रॅमवेलगेट पुलावरून चालत पंधरा-वीस मिनिटं; शेवटचा चढ दमवतो आणि पावसात फरशी घसरते, बूट बरे घाला. स्टेशनवरून कॅथेड्रलकडे छोटी बसही सुरू केली होती, सध्याच्या वेळा बघून घ्या. मोटरवेने येणाऱ्यांनी बेलमाँटच्या गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून बसने आत यावं, पार्किंगचे पैसे नाहीत, फक्त बसचं तिकीट. दक्षिणेकडून हाउलंड्स, वायव्येकडून स्नायपर्ली. रविवारी बस आहे का ते आधी पाहा.

किल्ल्यात विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात, त्यामुळे आत फक्त गाइडबरोबर सोडतात. वेळ आधी ठरवा. आणि जुलैचा दुसरा शनिवार टाळा. त्या दिवशी खाणकामगारांचा मेळावा असतो, बँड आणि झेंडे घेऊन अख्खी गर्दी रस्त्यावर. मेळावाच बघायचा असेल तर खुशाल जा, पण ट्रेनने.