तुम्ही विचारलंत म्हणून: टाके निघाले, तरी बोट बधिर का?

ठाण्यात मी हँड थेरपी करते. माझ्याकडे येणारे बरेचसे वागळे इस्टेट नाहीतर रबाळ्याचे, प्रेसवर किंवा कटिंग मशिनवर काम करणारे. अधूनमधून काचेचा ग्लास घासताना तो हातातच फुटलेल्या गृहिणी. प्रश्न सगळ्यांचा एकच: "मॅडम, जखम भरली, नस जोडली म्हणाले. मग बोटाला कळत का नाही?"

कातडी दोन आठवड्यांत सांधते. नस तशी नाही. बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदनेची एकेक नस जाते, तिला खेटून रक्तवाहिनी. नस कापली की जखमेपुढचे तिचे तंतू मरतात, मागे राहते नुसती नळी. सर्जन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने नळीची टोकं जुळवतात. तंतू मात्र तळहाताकडून नव्याने वाढत यावे लागतात. वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, आणि सुरुवातीचे काही आठवडे तर तेवढाही नाही. बोट मुळाशी कापलं असेल तर शेंड्यापर्यंत पोचायला तीन-चार महिने सहज जातात.

तंतू कुठवर आलेत, ते मी बोटावर टिचक्या मारून बघते. जिथे "करंट येतो" म्हणतात तिथवर आले. ही खूण 1915 साली जर्मन हॉफमन आणि फ्रेंच टिनेल या दोन डॉक्टरांनी वेगवेगळी नोंदवली, तीही त्यांचे देश एकमेकांशी लढत असताना. झिणझिण्या पुढे सरकल्या की पेशंट घाबरतो, मला बरं वाटतं.

ज्यांची मांसासकट कातडी गेली, त्यांचा राग निराळा. "चांगल्या बोटाची कातडी का काढली?" उघड्या हाडावर किंवा टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) नुसती कातडी लावून धरत नाही, तिला खालून रक्त मिळत नाही. म्हणून शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी एका कडेने तशीच जोडलेली ठेवून, उलटवून जखमेवर शिवतात. दोन-तीन आठवडे दोन्ही बोटं एकमेकांना बांधलेली. नव्या जागेचं रक्त मिळू लागलं की सोडवतात. त्या काळात विडी आणि तंबाखू बंद म्हणजे बंद. रक्तवाहिन्या आकसल्या तर लावलेली कातडी काळी पडते. इथे मी गोड बोलत नाही.

शेंड्यापर्यंत पोचलेले तंतूही कधी भलत्याच नळीत शिरलेले असतात. मेंदूला निरोप येतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून डोळे मिटून तांदळाच्या डब्यातली किल्ली, बटण, नाणं चाचपून ओळखायला लावते. पोरांची बोटं छान सुधारतात. मोठ्यांचं बोट कामापुरतं येतं, पण पूर्वीसारखं क्वचितच. ऑफिसच्या एसीतही ते ठणकू शकतं.

तोवर तवा, इस्त्री, चहाचा ग्लास दुसऱ्या हाताने तपासा. बधिर बोट भाजलं तर चटका लागत नाही, नंतर एकदम फोडच दिसतो.