पाणी किती दिवसांनी? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या मॉन्स्टेराचं, म्हणजे त्या मोठ्या भोकाभोकांच्या पानांच्या शोभेच्या झाडाचं, पान दिसलं की तुम्ही आधी हात लावून बघता, खरं आहे की प्लास्टिकचं. मग विचारता, "पाणी किती दिवसांनी घालता?" मी म्हणते, "माती बघून." तुमचा चेहरा पडतो. हिला सांगायचंच नाहीये, असं वाटतं ना? एकीनं तर तसं बोलूनही दाखवलं.

तर ऐका. माझ्याकडेही एके काळी आकडा होता. दर चौथ्या दिवशी एक मग. कॅलेंडरवर फुली मारायचे आणि विचारेल त्याला हाच आकडा ठोकून द्यायचे. त्यातल्या कितींची झाडं माझ्यामुळे गेली, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

त्या आकड्यावर माझा मॉन्स्टेरा चार वर्षं मजेत वाढला. पान कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, मधल्या शिरेलगत बारीक भोकांची दुसरी रांग. मग मला हौस आली. झाड मोठं झालं म्हणून एकदम दुप्पट कुंडीत हलवलं आणि खिडकीजवळ मावेना म्हणून कोपऱ्यात सरकवलं. फुल्या चालूच. तीन आठवड्यांनी खालचं पान पिवळं पडलं. म्हातारं झालं, जाणारच, म्हटलं. मग दुसरं गेलं. मग सगळ्याच पानांनी माना टाकल्या. माना टाकलेलं झाड तहानलेलं असतं, हे मला पाठ होतं. चौथ्याऐवजी दुसऱ्या दिवशी पाणी सुरू केलं, तेही दहा दिवस, अगदी मन लावून.

शेवटी वास आला. कुंडी आडवी केली तर झाड अडलंच नाही, सहज हातात आलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढली की वरचं साल सुटून यायचं आणि आत नुसता दोरा उरायचा. अशी मुळं पाणी ओढणार कशी? भरल्या कुंडीत ते तहानेनं मरत होतं आणि मी वरून ओतत होते. खोड खालून कापत गेले. तपकिरी. पुन्हा तपकिरी. पाचव्या कापाला आत पांढरा-हिरवा गर लागला. एक पेर, एक पान, एक हवाई मूळ, एवढंच वाचलं. हातमोजे घालायचं भान नव्हतं. शेवटी अळूच्याच कुळातलं झाड, चिकानं मनगटं संध्याकाळपर्यंत खाजत होती. रडले. हसायचं तर हसा.

झाड किती पाणी पिणार हे बरंचसं उजेड ठरवतो. कोपऱ्यात उजेड कमी, आणि मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओलीच राहिलेली, तिच्यात हवा नाही. माझा आकडा मॉन्स्टेराचा नव्हताच. तो त्या खिडकीचा आणि त्या कुंडीचा होता.

"पण बागेतला तर महिनाभर पावसात भिजतो!" भिजतो, कारण तिथं पाणी खाली निघून जातं. अळू तर चिखलातच सुखी. त्याचाच चुलतभाऊ अलोकेशिया मात्र कुंडीत चिखल झाला की कंदापासून सडतो. आता कुठला आकडा देऊ?

तरी एक कबूल करते. मातीत बोट खुपसून बघा, असं तुम्हाला सांगते, पण मी स्वतः रोज बघत नाही. कुंडी जराशी उचलून वजनावरून ठरवते, कधी तेही नाही. आणि नवख्या माणसाला "बघून घाला" सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच, हा तुमचा आरोप खोटा नाही. मला तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर मी फुल्याच मारत बसले असते. चार वर्षं झाड त्या फुल्यांनीच जगवलं, हेही खरं. कुंडी बदलली नसती तर अजून चाललं असतं का? चाललं असतंही.

त्या पेराला पाण्यात मुळं फुटली. पहिलं नवं पान तळहाताएवढं, हृदयाच्या आकाराचं, एकही भोक नसलेलं. मागच्या आठवड्यात एक चीर घेऊन आलेलं पान उलगडलं. मुळं आता कुंडीच्या तळातून बाहेर डोकावतायत. एकच माप मोठी कुंडी आणून ठेवलीय. महिना झाला, अजून रिकामीच आहे.