टाइमआउट झाला, पण खोली बुक झाली का?

पाळोळेतल्या होमस्टेचा काउंटर पणजीतल्या सर्व्हरकडे २४ डिसेंबरची एक खोली मागतो. सर्व्हर खोली नोंदवतो, उत्तर धाडतो, आणि नेमकी तेव्हाच काणकोणची लाइन जाते. आता विनंती पोचलीच नाही, सर्व्हर मध्येच कोसळला, की काम होऊन फक्त उत्तर वाटेत राहिलं? काउंटरवरून तिन्ही सारखंच दिसतं: ठरलेल्या वेळेत उत्तर नाही, म्हणजेच टाइमआउट. टाइमआउटला ‘फेल’ समजून आंधळेपणाने पुन्हा पाठवलं, की ऐन नाताळात दोन खोल्या अडकल्या.

झीरोएमक्यू या निरोप धाडणाऱ्या लायब्ररीचं आरईक्यू (विनंती पाठवणारं) सॉकेट तर भलतंच शिस्तीचं. एक पाठवा, एक घ्या. उत्तर न घेता दुसरं पाठवायला गेलात की ईएफएसएम (‘आत्ता हे चालणार नाही’) एरर. म्हणून थेट रिसीव्हवर अडकून न बसता आधी पोल करा, म्हणजे उत्तर आलंय का ते ठरावीक वेळ पाहा, समजा २५०० मिलिसेकंद. वेळ संपली की सॉकेट बंद करून नवं उघडा आणि तीच विनंती परत पाठवा. बंद करण्याआधी लिंगर (न गेलेल्या निरोपासाठी थांबायची वेळ) ० करायला विसरू नका, नाहीतर न गेलेला निरोप धरून प्रोग्राम बंद होताना लटकतो. ही शिस्त सैल करणारा रिलॅक्स्ड ऑप्शन लावला तर सॉकेट बदलावं लागत नाही, पण सोबत उत्तर कोणत्या विनंतीचं ते जुळवणारा कोरिलेटही लावा. नुसत्या रिलॅक्स्डवर जुन्या विनंतीचं उशिरा आलेलं उत्तर नवीनच्या गळ्यात पडू शकतं.

एवढ्यानेही डबल बुकिंग थांबत नाहीच. ते थांबतं विनंती क्रमांकाने. बटण दाबताच क्लायंटने (म्हणजे काउंटरवरच्या प्रोग्रामने) एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा क्रमांक, बनवायचा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा. (रिट्रायच्या लूपमध्ये तो नव्याने बनवणं ही नेहमीची चूक. मग सगळी मेहनत पाण्यात.) सर्व्हरने खोली, क्रमांक आणि उत्तर डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं किंवा काहीच नाही) लिहायचं, क्रमांकाला युनिक की लावून, म्हणजे तो दोनदा नोंदला जात नाही. तोच क्रमांक परत आला की साठवलेलं उत्तर जसंच्या तसं द्यायचं. क्रमांक तोच पण तारीख वेगळी असेल तर सरळ नाकारायचं. ही यादी नुसती मेमरीत ठेवलीत तर रीस्टार्टला गेलीच म्हणून समजा.

टाइमआउट किती? इंटरनेटवर डेटा पोचवणारा टीसीपी प्रोटोकॉल सरासरी फेरीच्या (जाऊन परत येण्याच्या) वेळेत तिच्या चढउताराची चौपट मिळवतो. तुम्हाला त्यात सर्व्हरच्या कामाचा वेळही धरावा लागेल. प्रयत्न तीन पुरे, मध्ये १, २ सेकंद असं वाढतं अंतर आणि त्यात थोडं रँडम. पावसात गेलेली लाइन परतली की सगळे काउंटर एकाच क्षणी तुटून पडतात, ते त्याने टळतं.

तिन्ही प्रयत्न वाया गेले तर स्क्रीनवर ‘बुकिंग झालं नाही’ लिहू नका. ‘अजून कळलेलं नाही’ लिहा, क्रमांक दाखवा, आणि बटण द्या ते ‘पुन्हा बुक करा’चं नाही, त्याच क्रमांकाची स्थिती विचारण्याचं.