हाडाला काय फासलंय, ते लेखी कोण देणार?

मला एका जुन्या हाडाचं वय कार्बन-१४ वरून काढायचं होतं. कार्बन-१४ म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जीव मेल्यावर तो घटत जातो; जितका कमी, तितकं हाड जुनं. त्यासाठी नमुना तयार करणाऱ्या मशीनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हाडातून आम्लाने काढलेलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, कथिलाच्या इवल्याशा पुडीत बांधून दिलं की पुढचं सगळं आपोआप. ते जळतं, कार्बन डायऑक्साइड वेगळा होतो, आणि हायड्रोजनच्या सोबतीने लोखंडाच्या भुकटीवर ५८० अंशांच्या आसपास त्याचं ग्रॅफाइट, म्हणजे मोजणीसाठी लागणारा घन कार्बन, बनतं. लागतो जेमतेम १ मिलिग्रॅम कार्बन. माझं घोडं अडलं ते त्याच्या कितीतरी आधी, इथे नागपुरातच.

कार्बन-१४ च्या प्रयोगशाळेच्या फॉर्ममध्ये रकाना होता: नमुन्यावर संरक्षक लेप आहे का, असल्यास कोणता? माझं हाड गुराचं, विदर्भातल्या जुन्या उत्खननातलं. तुटक्या कडेवर पिवळसर चकाकी, नखाने खरवडलं की पापुद्रा निघायचा. शाईने घातलेल्या क्रमांकावरही तोच थर. ज्या भांडारातून हाड मिळालं तिथले साहेब म्हणाले, "तेव्हा सगळेच लावत. 'माहीत नाही' लिहून टाका ना." लेखी मागितलं तर अर्ज द्या. अर्ज दिला तर आवक क्रमांक घ्या. क्रमांक घेतला तर संबंधित बाबू रजेवर. मे महिना, बंद कूलर, आणि समोरच्या बाकड्यावर मी. बाबू परतले ते, "काहून एवढं मागं लागता? हाडच तं आहे!"

आता चिडचिड का, तेही सांगते. लेप पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या कृत्रिम राळेचा असेल तर तो पेट्रोलियमपासूनचा. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, त्यामुळे हाड आहे त्याहून जुनं दिसतं. लाख असेल तर उलट, तिच्यातला कार्बन अलीकडचा, म्हणून हाड तरुण ठरतं. पहिला अ‍ॅसिटोनने निघतो, लाखेला अल्कोहोल लागतं. आणि हे धुणं हाताने, कोलॅजन काढायच्या आधी. मशीनला काय, दिलं ते जाळेल.

हो, हाड कापसात गुंडाळून पाठवू नका. तंतू चिकटतात आणि कापूस म्हणजेही कार्बनच. अ‍ॅल्युमिनियम फॉइल बरी.

शेवटी उत्तर मीच काढलं. भांडाराची जुनी खरेदी नोंदवही चाळली, त्यात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन एकाच ओळीत! त्या पानाच्या झेरॉक्सवर साहेबांनी निमूट सही केली. तुम्हीही अर्जाआधी नोंदवहीच मागा.

पुढे सगळं सुरळीत. कोलॅजनमधलं कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २.९ ते ३.६ या चांगल्या पट्ट्यात बसलं, म्हणजे कोलॅजन शाबूत. कार्बन-१३ (कार्बनचा न घटणारा, जड प्रकार; खाल्लेल्या चाऱ्याचा माग देतो) ज्वारीसारख्या सी-४ वनस्पतींकडे झुकलेला; या गटात तो इतर वनस्पतींहून जास्त असतो. माझ्या मते ते जनावर कडब्यावर पोसलेलं. माझे संशोधनातले गाइड म्हणतात, रानातलं गवतही बहुतेक सी-४ च असतं. वाद चालू आहे.