वरचा कॉक, खालचा कॉक

ड्रायडॉकमधून, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीतून, निघालेलं एलएनजी (गारठवून द्रव केलेला नैसर्गिक वायू) वाहणारं जहाज थेट माल भरायला लागत नाही, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. प्रत्यक्ष अंगावर आलं ते कतारच्या रास लफानला, थर्ड ऑफिसर असताना. जहाज 1,74,000 घनमीटरचं, टाक्या चार.

डॉकमध्ये मी टाकीत उतरलो होतो. आत जिकडेतिकडे स्टेनलेस स्टीलचा पत्रा, जेमतेम 1.2 मिलिमीटर जाड, त्यावर उभ्या-आडव्या फुगीर घड्या. पत्रा गारठून आकसतो तेव्हा ताण या घड्या घेतात. एवढ्या अजस्र जहाजाचा माल या पातळ पत्र्याच्या पोटात, हे पाहून पोटात गोळाच आला.

डॉकनंतर टाक्यांत हवा असते. ती आधी कोरडी केली, मग इनर्ट गॅस, म्हणजे पेट न घेणारा वायू, भरून ऑक्सिजन हुसकावला. पण हा गॅस डिझेल जाळून बनतो, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइड आलाच. उणे 162 अंशांच्या द्रवाशी गाठ पडली की त्याचा पांढरा भुगा होतो आणि गाळण्या, पंप, स्प्रेची भोकं तुंबतात. म्हणून टर्मिनलकडून थोडा एलएनजी घ्यायचा, जहाजावरच त्याचा कोमट वायू करायचा आणि टाकीत वरून सोडायचा. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन; तो हलका, वरच राहतो. जड इनर्ट गॅस तळातून पाइपने बाहेर ढकलला जातो. याचं नाव गॅसिंग-अप. आमचे वीसेक तास गेले.

पहाटे तीनला तिसऱ्या टाकीच्या कॉकवरून, म्हणजे आतल्या गॅसचा नमुना घ्यायच्या नळावरून, रीडिंग घेतलं. कार्बन डायऑक्साइड 0.6 टक्के. तो एक टक्क्याच्या खाली यायला हवा होता. खुशीत कंट्रोल रूममध्ये कळवलं.

चीफ ऑफिसरांनी विचारलं, "कुठल्या कॉकवरून?"

"वरच्या, सर."

ते काहीच बोलले नाहीत. मीटर उचलून मी पुन्हा डेकवर. सोबतचे तांडेलकाका गुहागरचे. टॉर्च धरून म्हणाले, "साहेब, घाण तळात बसते, विहिरीसारखी." खालच्या कॉकवर 3.8 टक्के! वरून सोडलेला वायू वरच मोजत बसलो होतो मी. आणखी चार तास गेले.

(काकांच्या गावाजवळच दाभोळचं एलएनजी टर्मिनल. लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्यानं कित्येक वर्षं ते पावसाळ्यात बंद राहायचं. त्यावर काकांचं भाषण प्रत्येक वॉचला ठरलेलं.)

मग कूलडाउन. स्प्रेमधून एलएनजीचे तुषार सोडून टाकी उणे 130 पर्यंत उतरवायची, तीही बेताबेतानं, कारण तुषारांची वाफ होऊन दाब चढतो आणि ती वाफ कॉम्प्रेसरनं किनाऱ्यावर परत पाठवावी लागते. इकडे पत्र्यामागच्या इन्सुलेशनमधला नायट्रोजनही आकसतो, तो भरत राहायचा. दहा-बारा तास नजर पडद्यावर, जेवण खुर्चीतच.

खरं लोडिंग त्यामानानं निवांत. मॅनिफोल्डखाली, म्हणजे किनाऱ्याचे पाइप जहाजाला जोडतात त्या जागेखाली, जहाजाच्या कुशीवरून पाण्याचा पडदा सोडलेला असतो; गार द्रव सांडला तर साधं पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. किनाऱ्यावरून माल आणणाऱ्या पाइपवर, म्हणजे लोडिंग आर्मवर, बर्फाचा जाड थर चढला होता. टाक्या 98.5 टक्क्यांवर थांबल्या, आर्म सोडवताना बर्फाचे लगदे धपाधप डेकवर पडले. पुढच्या वॉचला लॉगमध्ये काकांनी बोट ठेवून दाखवलं: माझ्या 0.6 पुढे चीफ ऑफिसरांच्या अक्षरात फक्त 'वरचा' लिहिलं होतं.