दुसरा टक्का

"तुमची स्क्रिप्ट रात्री चालते आणि दिवसा पडते," अशी तक्रार माझी बॅकअपची स्क्रिप्ट वापरणाऱ्या एका सहकाऱ्यांकडून सकाळीच आली. मी म्हटलं, तुम्ही उलटं सांगताय. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवली की पडते आणि हाताने चालवली की निमूट चालते, हे आमच्याकडचं रोजचं रडगाणं. क्रॉनला कमांड शोधायचा पुरता पाथ नसतो, आपली व्हेरिएबल नसतात, काहीच धड नसतं. पण ते ठाम होते. रात्रीचा बॅकअप व्यवस्थित, दिवसा हाताने घेतलेला अर्धवट.

अर्धवट आहे हे त्यांनाही उशिराच कळलं होतं. शेवटी पडद्यावर "१००" यायचं आणि त्याला चिकटूनच प्रॉम्प्ट, पुढची कमांड मागणारं चिन्ह. शंभर म्हणजे झालं, असं धरून ते पुढच्या कामाला लागायचे. त्या संदेशानंतर खरं तर दोन कामं उरलेली असायची, प्रतीची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघणं आणि जुन्या प्रती काढून टाकणं. दोन्ही होत नव्हती. डिस्क भरली तेव्हा मला फोन आला.

माझ्या मशीनवर चालवली, ठणठणीत. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, त्यांच्या मशीनवर शिरून चालवली, तीही ठणठणीत. तासभर याच दोन गोष्टी आलटून पालटून करत बसलो. शेवटी वैतागून त्यांना म्हटलं, तुम्हाला जे दिसतं त्याचा फोटो पाठवा. फोटोत सगळे संदेश मराठीत होते.

तेव्हा उजेड पडला. त्यांच्या डेस्कटॉपची भाषा मराठी. माझी इंग्रजी, आणि एसएसएच माझं लँग व्हेरिएबल, भाषा ठरवणारं, सोबत घेऊन गेलं होतं, म्हणून त्यांच्या मशीनवरही मला इंग्रजीच दिसत होतं. आमच्या क्रॉनला भाषाच कळवलेली नव्हती, म्हणून रात्री मूळ इंग्रजी. मराठीत चालणारी स्क्रिप्ट फक्त त्यांची. आणि पडणारीही फक्त त्यांचीच.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या सगळ्या स्क्रिप्ट एक मदतनीस फाइल आत ओढून घेतात. तिच्यात तीन फंक्शन्स: 'से' साधा संदेश छापतं, 'वॉर्न' इशारा स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या वेगळ्या वाटेवर टाकतं, 'डाय' संदेश छापून बाहेर पडतं. तिन्हींच्या पोटात एकच युक्ती. संदेश गेटटेक्स्टला (अनुवाद शोधून देणाऱ्या कमांडला) द्यायचा, अनुवाद मिळाला तर तो, नाहीतर मूळ इंग्रजी, आणि जे हाती येईल ते छापणाऱ्या प्रिंटएफला फॉर्मॅट, म्हणजे छापण्याचा साचा, म्हणून द्यायचं. फाइलचं नाव, आकडे वगैरे %एसच्या जागी बसतात. इको, म्हणजे छापायची साधी कमांड, मी मुद्दाम टाळला होता; बॅकस्लॅश आणि वजा-एन हा पर्याय यांच्याबाबत प्रत्येक शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) इकोचं मत वेगळं असतं. ही फाइल लिहिली तेव्हा मला तिचा बराच अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

लँग मराठी करून, बॅशला, म्हणजे आमच्या शेलला, वजा-एक्स लावून पुन्हा चालवली; त्याने चालणारी प्रत्येक ओळ दिसते. शेवटची ओळ प्रिंटएफची, मग शांतता. एररही नाही. एरर का नाही, याचं उत्तर त्याच ओळीच्या टोकाला होतं. स्टँडर्ड एरर मी स्वतःच डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात सोडलेलं. काही मशीनवर गेटटेक्स्ट नसतं, त्याची कुरकुर नको, म्हणून कधीतरी केलेला आळशीपणा. ते पुसलं आणि एरर दिसली: अवैध फॉर्मॅट अक्षर. कुठलं अक्षर, तर अवतरणात एक प्रश्नचिन्हाचा काळा चौकट.

पीओ फाइल, म्हणजे मूळ संदेश आणि त्यांचे अनुवाद असलेली फाइल, उघडली. मूळ इंग्रजी संदेशात शंभरच्या पुढे दोन टक्के-चिन्हं, मग 'डन'. मराठीत: "१००% पूर्ण, पडताळणी सुरू". एकच टक्का.

प्रिंटएफच्या फॉर्मॅटमध्ये खरा टक्का हवा असेल तर तो दोनदा लिहावा लागतो. इंग्रजीत मी एकच लिहिला असता तर गंमत झाली असती. टक्का, मग जागा, मग 'डन'मधला डी, हे तिन्ही मिळून पूर्णांक छापण्याचा रीतसर आदेश होतो. डी गिळला जातो, तिथे शून्य येतं आणि पुढे 'वन' लोंबत राहतं. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते आणि पहिल्याच दिवशी दुरुस्त होते. मराठीत टक्का आणि जागेनंतर येतो 'प'. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं अक्षर तीन बाइटचं, आणि पहिली बाइट नेहमी २२४. बॅशने तेवढीच एक बाइट उचलली, हे कुठलं फॉर्मॅट अक्षर म्हणून हात वर केले, आणि एररमध्येही तेवढीच छापली. अक्षराचा एक तृतीयांश तुकडा. म्हणून तो काळा चौकट. तोवर "१००" छापून झालं होतं. प्रिंटएफ नापास, म्हणून 'से' नापास, आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट-ई, म्हणजे एक कमांड नापास की स्क्रिप्ट तिथेच बंद. एका अनुवादाने बॅकअप थांबवला होता.

अनुवाद करणाऱ्या सहकाऱ्यांना फोन केला. "अहो, ते दोन टक्के मला टायपो वाटले," त्या म्हणाल्या. "दोनदा कोण लिहितं?" बरोबरच होतं. त्यांच्यासमोर फक्त वाक्य होतं; ते पुढे प्रिंटएफच्या तोंडी जाणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पण पीओ फाइल वापरात आणणाऱ्या एमएसजीएफएमटीच्या तपासणीने अडवायला हवं होतं. नंतर बघितलं तर तेही माझ्याच खात्यात. एक्सगेटटेक्स्ट शेल स्क्रिप्टमधले संदेश उचलताना त्यांच्यावर सी-फॉर्मॅटची, म्हणजे 'हा प्रिंटएफचा साचा आहे' अशी खूण आपण होऊन लावत नाही. खूण नाही तर तपासणी नाही.

"आणि आणखी एक," त्या म्हणाल्या, "मदत विचारली की मधेच माझं नाव आणि मेलचा पत्ता का येतो?"

मी करून पाहिलं. खरंच येत होतं. मदतीच्या मजकुरात रिकामी ओळ सोडायला मी 'से'ला रिकामी स्ट्रिंग देत होतो. आणि पीओ फाइलमध्ये रिकाम्या संदेशाचा 'अनुवाद' म्हणजे फाइलचं शीर्षक: प्रकल्प, तारीख, शेवटचा अनुवादक, अनेकवचनाचा नियम, सगळं. गेटटेक्स्टला रिकामं विचारा, तो हे सगळं प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. इंग्रजीत अनुवादाची फाइलच नाही, म्हणून रिकाम्याला रिकामं. त्या सहकाऱ्यांना विचारलं, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्यात श्रेय द्यायची पद्धत असेल."

दुपार मदतनीस फाइलवर गेली. नुसता टक्का दुरुस्त करून भागलं असतं, पण तोवर त्यांची दुसरी तक्रारही ऐकून झाली होती. "अमुक फोल्डरमधून तमुक फाइल काढता आली नाही" हे त्यांना लिहिताच येत नव्हतं, कारण इंग्रजीत आधी फाइल, मग फोल्डर. सी भाषेत %एसना क्रमांक देऊन जागा बदलता येतात; बॅशच्या अंगभूत प्रिंटएफला ते चालत नाही. म्हणून त्यांनी "काढता आली नाही: %एस, %एस" असं तारेच्या भाषेत लिहून वेळ मारून नेली होती.

म्हणून प्रिंटएफला फॉर्मॅट देणंच बंद केलं. आता संदेशात नाव असलेली व्हेरिएबल, आणि काम इव्हॅल-गेटटेक्स्टकडे. 'इव्हॅल' म्हणजे मजकूर कमांड म्हणून चालवणं, त्यामुळे नावावरून भीती वाटते, पण ते काहीही चालवत नाही. पोटात एन्व्हसब्स्ट आहे, आणि ते मूळ संदेशात असलेली व्हेरिएबल तेवढी भरतं. बॅशमध्ये अनुवादासाठी डॉलर आणि दुहेरी अवतरणाची आणखी सोपी सोय आहे, पण तिच्यात अनुवादाचा मजकूर पुन्हा उलगडला जातो. म्हणजे कुणी अनुवादात कमांड लिहिली तर ती चालेल. बॅश ५.२ मध्ये ते थांबवणारा पर्याय आला, पण तो आठवणीने लावावा लागतो. माझ्या आठवणीचं प्रदर्शन त्या दिवशी पुरेसं झालं होतं.

रिकाम्या स्ट्रिंगसाठी 'से'च्या तोंडाशी एक अट आली. डेव्ह-नल गेलं, गेटटेक्स्ट आहे की नाही ते आधीच तपासतो. त्यांनी फक्त एक विचारलं, फोल्डरच्या नावाला 'मधून' जोडताना सामान्यरूपाचं काय? फोल्डरचं नाव 'माझा पसारा' असेल तर? व्हेरिएबलचं सामान्यरूप कसं करणार. त्यांनीच तोड काढली, नाव अवतरणात ठेवून पुढे "या फोल्डरमधून".

प्रिंटएफ गेल्यामुळे मूळ इंग्रजी संदेशातला जोडटक्काही एकेरी करावा लागला. मूळ बदललं म्हणून पीओ फाइलमध्ये त्या नोंदीवर फझीची, म्हणजे 'अनुवाद पुन्हा तपासा' अशी खूण बसली, आणि फझी अनुवाद वापरला जात नाही. तो तपासून खूण काढायला नोंद पुन्हा त्यांच्याकडे गेली. पाच मिनिटांत फाइल परत आली. खूण तेवढी गेली होती. "१००% पूर्ण, पडताळणी सुरू" यातलं एकही अक्षर त्यांना बदलावं लागलं नव्हतं.