ओठ, जीभ, टाळू आणि पीटर लॅडेफोगेड

'क' आणि 'प' एकाच वेळी म्हणून बघा. म्हणजे आधी क आणि मग प असं नाही, दोन्ही एकदम, जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकलेला आणि त्याच वेळी ओठही मिटलेले, आणि मग दोन्ही सोबतच सोडायचे. सुरुवातीला जीभ ऐकत नाही, कुठला तरी एक आवाज आधी निसटतोच. पण नायजेरियात योरुबा बोलणाऱ्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही कारण त्याच्यासाठी ते एकच व्यंजन आहे, आणि योरुबा लिहिताना रोमन लिपीतला जो पी दिसतो त्याचा उच्चार हाच, आपला साधा प त्या भाषेत नाहीच! 'ग' आणि 'ब' यांचंही असंच जोडव्यंजन आहे, तेही एकदम म्हणायचं.

हे सगळं डोक्यात शिरलं ते पीटर लॅडेफोगेड यांच्यामुळे. भाषाशास्त्राच्या बाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसाच्या तोंडातून काय काय आवाज निघू शकतात याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातला मोठा भाग या माणसाने स्वतः जाऊन, लोकांसमोर बसून, मोजून आणलेला आहे, आणि त्याची सुरुवात आफ्रिकेत झाली.

जन्म १९२५ चा, इंग्लंडमधल्या सटन गावचा. एडिनबरा विद्यापीठात डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या हाताखाली ते ध्वनिशास्त्र शिकले. तिथली परंपरा कानाची होती, म्हणजे विद्यार्थ्याने कान इतका तयार करायचा की कुठलाही स्वर ऐकला की तो ठरलेल्या मोजपट्टीवर कुठे बसतो ते सांगता आलं पाहिजे. ही तालीम फार कठीण असते आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे, पण कान शेवटी कुणाचा तरी असतो ना, तो ज्या भाषेत वाढला त्या भाषेच्या सवयी घेऊनच ऐकतो. लॅडेफोगेड नायजेरियात इबादानला शिकवायला गेले आणि मग १९६१-६२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांच्या सर्व्हेचं काम करत फिरले, साठेक भाषांचे उच्चार त्यांनी तपासले, आणि १९६४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आज वाचतानाही जाणवतं की नुसता कान पुरत नाही हे त्यांना तिथे पदोपदी दिसत होतं.

वरचं क-प चंच घ्या. ऐकणारा लिहून मोकळा होतो की या भाषेतही तो आवाज आहे आणि त्या भाषेतही आहे. पण लॅडेफोगेड यांनी तोंडातल्या हवेचा दाब मोजला तेव्हा कळलं की सगळीकडे आवाज सारख्या पद्धतीने तयारच होत नाही. काही भाषांत हवा फुफ्फुसातून सरळ बाहेर येते, काहींत ओठ आणि टाळू दोन्हीकडे बंद असताना जीभ मागे सरकते आणि मधली हवा विरळ होऊन थोडी आत ओढली जाते, आणि काहींत त्याच्या जोडीला स्वरयंत्रही खाली येतं. एकाच चिन्हाखाली दडलेल्या तीन वेगळ्या क्रिया! नुसतं ऐकून हे कुणी खात्रीने सांगू शकलं असतं असं मला वाटत नाही.

मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र इग्बोच्या, म्हणजे नायजेरियातल्याच आणखी एका भाषेच्या, स्वरांचा आहे. इग्बोत आठ स्वर, चार-चारचे दोन गट, आणि नियम असा की एका शब्दात साधारणपणे एकाच गटातले स्वर येतात, गटांची सरमिसळ होत नाही. हे गट आधीपासून माहीत होते पण त्यांच्यात नेमका फरक कशाचा, यावर गोंधळ होता, कुणी म्हणायचं जीभ वर-खाली होते, कुणी म्हणायचं एका गटात स्नायू ताठ असतात आणि दुसऱ्यात सैल. लॅडेफोगेड यांनी एक्स-रे चित्रं काढली आणि त्यात दिसलं की खरी हालचाल जिभेच्या मुळाशी आहे, पार खाली घशात, एका गटाच्या वेळी जिभेचं मूळ पुढे येतं आणि दुसऱ्याच्या वेळी मागे राहतं. नंतर १९६७ मध्ये जॉन स्ट्युअर्ट यांनी घानातल्या अकान भाषेबद्दल हाच मुद्दा पक्का मांडला आणि आता पश्चिम आफ्रिकेतल्या स्वरांचं कुठलंही वर्णन जिभेच्या मुळाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे सरकत नाही. विचार करा, बोलणाऱ्याला स्वतःला पत्ता नाही की आपल्या घशात असं काही होतंय, ऐकणाऱ्या तज्ज्ञालाही नाही, पण लहान मूल मात्र आईचं ऐकून ती हालचाल बिनचूक उचलतं.

एक्स-रे काय दरवेळी काढता येत नाही आणि काढूही नये. गावात बसून करायच्या पद्धती वेगळ्या. कोळशाची बारीक पूड आणि ऑलिव्ह ऑइल कालवून ब्रशने माणसाच्या जिभेला लावायची, त्याला एकच शब्द म्हणायला सांगायचा, मग तोंडात आरसा धरून टाळूचा फोटो काढायचा, आणि जिथे काळा डाग उमटला तिथे जीभ टेकली. मग तोंड धुवायचं आणि पुढच्या खेपेला उलटं, पूड टाळूला आणि फोटो जिभेचा. ऐकायला सोपं वाटतं पण यात समोरचा माणूस अनोळखी पाहुण्याला आपलं तोंड उघडून देतोय, दुसऱ्या कुणालाही कंटाळा येईल इतक्या वेळा तोच शब्द म्हणतोय, हे मला फार मोठं वाटतं. आणि एका माणसावर भागत नाही, लॅडेफोगेड यांचा आग्रह असायचा की शक्यतो अनेक बायका आणि पुरुष घ्या कारण एकट्याची लकब म्हणजे भाषा नव्हे.

१९६२ पासून ते लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये होते, तिथली ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन, इयान मॅडिसन ही सगळी भाषाशास्त्रज्ञ मंडळी त्या वर्तुळातली. पण प्रयोगशाळा सोडून आफ्रिकेत जाणं त्यांनी थांबवलं नाही, आणि नंतरच्या वर्षांत त्यांना ओढ लागली ती क्लिकची.

क्लिक म्हणजे काय, तर हळहळताना आपण जो 'च्च च्च' आवाज काढतो, तसा आवाज व्यंजन म्हणून शब्दाच्या आत. झुलू आणि खोसा या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांत ही रोजची व्यंजनं आहेत. जीभ मागे टेकलेली, पुढेही टेकलेली, मधला भाग खाली ओढला की अडकलेली हवा विरळ होते, आणि पुढचा अडसर सुटला की बाहेरची हवा आत घुसते, तो टकारा म्हणजे क्लिक. गंमत म्हणजे फुफ्फुसाचं यात कामच नाही, त्यामुळे तो चालू असताना नाकातून गुणगुणता येतं, किंवा घशातून वेगळा आवाज जोडता येतो, आणि एकेका क्लिकची कितीतरी व्यंजनं होतात. बोत्सवानातली ता भाषा, जिला लॅडेफोगेड यांच्या काळात ǃखों म्हणत (सुरुवातीचं ते चिन्ह म्हणजे एक क्लिकच), तिच्यात हे इतकं टोकाला गेलंय की तिच्या व्यंजनांचा पसारा जगातल्या सगळ्यात मोठ्या पसाऱ्यांत मोजतात.

त्या भाषेवर आयुष्य घालवलं ते अँथनी ट्रेल यांनी, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले. लॅडेफोगेड आणि ट्रेल यांनी मिळून १९८४ मध्ये क्लिकचं वर्णन कसं करावं यावर लेख लिहिला. ट्रेल यांची एक गोष्ट मला विसरताच येत नाही. ते आवाज वर्षानुवर्षं काढून त्यांच्या स्वतःच्या स्वरयंत्रावर एक गाठ तयार झाली, आणि ती भाषा बोलणारी मोठी माणसं तपासली तर त्यांनाही तशीच गाठ! भाषेने शरीरावर खूण केली.

आता एक बाब जिथे माझं लॅडेफोगेड यांच्याशी पटत नाही. केनियात दहालो नावाची भाषा आहे, काही शे लोकांची, क्लिक असलेली, आवाजांनी अतिशय समृद्ध. केन हेल या भाषाशास्त्रज्ञाने आणि इतरांनी मरणाऱ्या भाषा वाचवायला भाषाशास्त्रज्ञांनी उतरलं पाहिजे असं आवाहन केलं, त्याला उत्तर म्हणून लॅडेफोगेड यांनी १९९२ मध्ये लिहिलं. त्यात त्यांनी एका दहालो माणसाबद्दल सांगितलंय की मुलं दहालो बोलतात का असं विचारल्यावर तो हसत म्हणाला, नाही, त्यांना कळते पण बोलतात फक्त स्वाहिली. मुलं शाळेत गेली, आपल्याला येत नाही ते त्यांना येतं, याचा त्याला अभिमान होता. लॅडेफोगेड यांचं म्हणणं, त्याचं चुकतंय असं म्हणणारा मी कोण?

बापाचा अभिमान शंभर टक्के खरा आहे आणि बाहेरून आलेल्या अभ्यासकाने त्याला उपदेश करू नये हेही मान्य. पण शाळेची वाट भाषा सोडून देण्यावरूनच जात असेल तर ती निवड त्याने मोकळेपणाने केली असं मला म्हणवत नाही. मुलाला स्वाहिली आणि दहालो दोन्ही येऊ शकलं असतं, आफ्रिकेत तीन-चार भाषा सहज बोलणारी माणसं गावोगाव असतात. तरी एक मानते, त्यांनी हे सगळं लपवलं नाही, तिथे बसून विचारलं आणि जे उत्तर मिळालं ते जसंच्या तसं मांडलं.

जानेवारी २००६ मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं, ऐंशीव्या वर्षी, निलगिरीत तोडा भाषेचं काम आटोपून घरी परतताना. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेली दोनशेहून जास्त भाषांची रेकॉर्डिंग्ज यूसीएलएने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, फुकट. सुरुवात करायची तर घाना आणि टोगोतल्या एवे भाषेपासून करा. तिच्यात दोन फ आहेत, एक दोन्ही ओठांचा आणि एक दात-ओठांचा, एकाने 'त्याने पॉलिश केलं' होतं आणि दुसऱ्याने 'त्याला गार वाटलं'. पहिल्यांदा दोन्ही सारखेच ऐकू येतात. लॅडेफोगेड यांनी नोंदवलंय की दात-ओठांचा फ काढताना एवे लोक वरचा ओठ मुद्दाम वर उचलतात, दुसऱ्या फ पासून वेगळा कळावा म्हणून. तसं स्वतः करून बघा, आणि मग ती जोडी परत लावा, हेडफोनवर.